मुलं घरात बसतात की आपण बसवतो?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. काहींना राग येईल, तो कमेंटमध्ये काढा.

गेल्या आठवड्यात इथे पुन्हा तोच विषय निघाला. मुलं दिवसभर स्क्रीनला चिकटलेली, बाहेर जात नाहीत, काय करावं. खाली ऐंशी कमेंट्स. टायमर लावा, वायफाय बंद करा, चेसला घाला, अजून एका क्लासला घाला. मी फक्त लिहिलं, "सायकल द्या आणि जंगलात सोडा." त्यावर एका दादांचं उत्तर आलं, "ताई, हे काय आपलं पुणं आहे का? इथे रस्त्यावर मूल सोडायची सोय तरी आहे का?"

दादा, रस्त्यावर सोडा असं मी म्हटलंच नव्हतं. आणि पुण्याचं म्हणाल तर तिथेही आज कोणी सोडत नाही. मी तासावर भाड्याची सायकल आणून, दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकले. गुडघे फुटले. आईला ते संध्याकाळी कळायचं. आज त्याच रस्त्यावर माझा भाऊ त्याच्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटा पाठवत नाही, आणि त्याचं बरोबर आहे, गाड्याच तेवढ्या आहेत. म्हणजे अडचण गाड्यांची आहे. मग गाड्याच नाहीत अशी जागा मिळाली तर?

अशी जागा आपल्या दाराशी आहे. मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्वेनियातल्या मंडळींनो, पिट्सबर्गच्या बालाजीला आपण किती वेळा जातो? टर्नपाइकवरून सुसाट. प्रसाद, इडली, फोटो, परत. ज्या डोंगररांगा आपण ताशी ७५ मैलांनी मागे टाकतो, त्यांच्यातूनच ग्रेट ॲलेघेनी पॅसेज जाते. मेरीलँडमधल्या कंबरलंडपासून पिट्सबर्गपर्यंत १५० मैल. बारीक कुटलेल्या चुनखडीचा दाबून बसवलेला रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, मैलोगणिक सोबतीला नदी. मोटारगाड्यांना बंदी. अधूनमधून एखादा गावचा रस्ता आडवा येतो, तिथे थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, पुढे जायचं. बस्स. तिकीट नाही, परमिट नाही.

"डोंगर म्हणजे चढ असणार, मुलांना झेपणार नाही." थांबा. ही मूळची रेल्वेलाइन. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने १९७५ मध्ये तिचा मोठा भाग सोडून दिला आणि लोकांनी रुळांच्या जागी वाट केली. ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये खुला झाला, पिट्सबर्गपर्यंतचं काम २०१३ मध्ये पुरं झालं. कोळशाची मालगाडी काही घाटात उभी चढत नाही. त्यामुळे सगळ्यात मोठा चढ, कंबरलंडहून पूर्व खंडविभाजक रेषेच्या २,३९२ फुटांपर्यंतचा, तोसुद्धा शंभर फुटांना दीड-पावणेदोन फूट. बाकी वाट तर सपाटच वाटते. डोंगर फोडून ३,२९४ फुटांचा बिग सॅव्हेज बोगदा काढलाय, आत दिवे आहेत (हिवाळ्यात तो बंद असतो, तेव्हा तारखा बघून जा). मायर्सडेलजवळ दरीवरून १,९०८ फूट लांबीचा पूल आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा त्यावर मधोमध उभा राहून दहा मिनिटं खालची मालगाडी मोजत होता. एरवी तो दहा मिनिटं कशासाठीच उभा राहत नाही.

"पण ग्रॅव्हल बाइक केवढ्याला येते माहितीये?" माहितीये. आणि ती नकोय. हा आपल्या लोकांचा जुना रोग, आधी सामान, मग छंद. जरा रुंद टायरची कुठलीही हायब्रिड चालते, ३५-४० मिलीमीटर खूप झालं. ब्रेक नीट, हेल्मेट, एक जास्तीची ट्यूब, पंप. पाऊस पडला की चुनखडीचा लगदा चेनला बसतो, घरी येऊन धुवायची. एवढंच.

आता खरी भीती. अस्वलं आहेत, काळी, आणि ती बहुतेक वेळा आपल्याआधी पळतात. मला त्यांच्यापेक्षा गोचिडींची जास्त काळजी. पेनसिल्वेनियात लाइम रोग खूप आहे, तेव्हा गाडीत बसण्याआधी पोटऱ्या, काखा, कानामागे तपासायचं. फोनला रेंज कुठे असते, कुठे नसते. आणि जी भीती ग्रुपवर कोणी उघड लिहीत नाही, ती मीच लिहिते: त्या छोट्या गावांत आपल्यासारखी दिसणारी माणसं नाहीत. आम्हालाही दोन-चार नजरा जाणवल्या. पंक्चर काढायला थांबून मदत करणारे आजोबाही भेटले. तुमचा अनुभव वेगळा असेल तर मी तो खोडून काढणार नाही. पण "तिथे आपले लोक नसतात" म्हणून जायचंच नाही, तर मग ते कधीच नसणार.

आता माझंच सांगते, नाहीतर म्हणाल ताई उपदेश करतात. मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. आम्ही कॉन्फ्लुएन्सहून ओहायोपाइलला निघालो, साधारण ११ मैल, नदीच्या प्रवाहाबरोबर, किंचित उतार. नवरा डबे घेऊन गाडीने पुढे जाणार होता. लेक बारा वर्षांची. म्हणाली, "आई, मी पुढे जाऊ? एकटी?" मी लगेच नाही म्हटलं. कारण विचारलं तर मला सांगता येईना. सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "हितं गाडी येत न्हाई ना? मग सोड की तिला. बघतीस काय?"

सोडलं. पहिलं वळण आलं आणि ती दिसेनाशी झाली. बारा वर्षांत पहिल्यांदा माझी मुलगी कुठे आहे ते मला फोनवर दिसत नव्हतं. मी धाकट्याला इतकं घाईने हाकलत होते की तो वैतागला. पाच-सहा मैलांवर ती एका बाकावर बसलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. चेन पडली होती. काडीने खेचून, सायकल उलटी करून, तिनेच बसवली. "आय फिक्स्ड इट," म्हणाली. मग, "आई, तू रडतेयस का?" मी म्हटलं, धूळ गेली. त्या दिवशी रात्री पाऊस पडून गेलेला होता, धूळ कुठली!

या मुलीला मी सहा वर्षं गणिताच्या क्लासला नेते-आणते. वेटिंग रूममध्ये बसते. तिच्या आयुष्यात मी नसलेला असा एक तास नव्हता, आणि वर मीच तक्रार करत होते की ती खोलीचं दार लावून फोन घेऊन बसते. अहो, तेवढी एकच जागा मी तिला ठेवली होती!

म्हणून मला ते "सोय नाही" पटत नाही. सोय आहे. मूल नजरेआड गेलेलं आपल्याला सोसत नाही, आणि त्याला आपण सेफ्टी म्हणतो. गाड्यांच्या रस्त्यावर ती सेफ्टी खरी आहे, मान्य. जिथे गाड्याच नाहीत तिथे तेच कारण देऊ नका. आणि कृपा करून याचंही कॉलेज ॲप्लिकेशन करू नका. मैल मोजून सर्टिफिकेट कुठे मिळतं असा मेसेज मला ऑलरेडी आलाय.

पहिल्यांदा जाणार असाल तर फ्रॉस्टबर्गहून कंबरलंडला या, साधारण १५ मैल, जवळजवळ सगळा उतार. शेजारच्या रुळांवर पर्यटकांची आगगाडी धावते आणि ब्रश बोगद्यातून वाट आणि गाडी दोन्ही जातात, तेव्हा मुलांना शिट्टी ऐकली की थांबायचं हे आधीच सांगून ठेवा. आम्ही ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी निघतोय. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे. दादा, तुम्हीही या. तुमच्या मुलाकडे सायकल नसेल तर लेकीची जुनी गॅरेजमध्ये आहे, फक्त मागचा ब्रेक बघावा लागेल.