बीथोव्हेन कोणाच्या मालकीचा?

व्हायोलिनसाठी लिहिलेली सुरावट कॉर्नेटवर वाजली की ती बाटते, अशी एक समजूत पाश्चात्त्य संगीताच्या सोवळ्या वर्तुळात दीर्घकाळ नांदत आली आहे. इंग्लंडातील ब्रास बँड म्हणजे महाराष्ट्रात वरातीपुढे चालणारा बँड नव्हे. दोघांची वाद्ये एका गोत्रातली. परंतु हा सुमारे पंचवीस-अठ्ठावीस वादकांचा, समोर स्वरलिपी ठेवून बसून वाजवणारा संच असतो. गिरणी आणि खाण यांच्या सावलीत तो वाढला. तो बीथोव्हेन किंवा बर्लिओझ वाजवतो, तेव्हा या सोवळ्यांच्या मते ती मूळ कृतीची गरिबांसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती असते.

रूपांतर हेच जर पाप असेल, तर पहिले पापी खुद्द रचनाकारच ठरतात. मोझार्टने 1782 साली आपल्या नव्या ऑपेराचे फुंकवाद्यांसाठी रूपांतर घाईघाईने हाती घेतले, कारण दुसरा कोणी ते आधी करून नफा घेऊन जाईल ही त्याला धास्ती होती. बीथोव्हेनची दुसरी सिंफनी पियानो, व्हायोलिन आणि चेलो या तीनच वाद्यांसाठी छापली गेली. लिस्टने तर त्याच्या नऊही सिंफनी एकट्या पियानोवर आणल्या. तेव्हा संगीत बुडाल्याची हाकाटी झाली नाही. पियानो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात होता, कॉर्नेट विणकराच्या हातात होता! आक्षेपाचे मूळ स्वरात नाही, वाद्य वाजवणाऱ्याच्या पगारपत्रकात आहे.

'स्वस्त' हा शब्द मात्र मान्य करायला हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्रामोफोन नव्हता, रेडिओ नव्हता. पूर्ण वाद्यवृंद पोसणे मोठ्या शहरांनाच परवडे. यॉर्कशायरच्या गिरणीगावात किंवा वेल्सच्या लोखंडनगरीत जन्मलेल्या माणसाला सिंफनी आयुष्यात एकदाही कानी पडण्याची शक्यता जवळपास नव्हती. पिस्टनची झडप आणि 1840 च्या दशकात अडॉल्फ साक्स याने सिद्ध केलेली सॅक्सहॉर्न वाद्ये यांनी हे बदलले. यंत्रमागावर राठ झालेल्या बोटांना व्हायोलिनची तार सहज वश होत नाही. तीन झडपा दाबणे त्यांना जमते. पुढे तर जवळजवळ सर्व वाद्यांची लिपी आणि बोटांची रीत एकच ठेवण्यात आली. एखादा वादक गाव सोडून गेला वा खाणीत जायबंदी झाला, तर शेजारच्या खुर्चीवरचा त्याचे वाद्य उचलू शके. वर्गणी आणि हप्ते यांवर वाद्ये खरेदी होत. श्रमिकांनी आपल्या तुटपुंज्या बचतीतून उभे केलेले हे सांस्कृतिक भांडवल होते.

येथे डाव्या बाजूचे काही कठोर टीकाकार हटकतील, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. वेल्समधील मर्थर टिडव्हिल येथील कवार्थ्वा बँड 1838 साली रॉबर्ट टॉमसन क्रॉशे या लोखंड कारखानदाराने स्थापला. बाहेरून कसबी वादक आणून त्यांना कारखान्यात नोकऱ्या दिल्या. क्वीन्सबरीच्या बँडला 1855 साली वाद्ये आणि गणवेश पुरवले ते ब्लॅक डाइक गिरणीच्या मालकांनी. कामगाराने संपापेक्षा सरावाला जावे, हा हिशेब मालकाच्या मनात नसेलच असे कोण म्हणेल? परंतु मालकाचा हेतू आणि वस्तूचा उपयोग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रेल्वेही मालकांनी बांधली. त्याच रेल्वेने संघटनेचे प्रचारकही फिरले. 1871 पासून भरणाऱ्या डरहॅमच्या खाणकामगार मेळाव्यात युनियनच्या निशाणामागे बँडच वाजत आले.

मँचेस्टरच्या बेल व्ह्यू बागेत 1853 पासून बँडच्या स्पर्धा भरू लागल्या. 1913 साली राष्ट्रीय स्पर्धेसाठी पर्सी फ्लेचरने मुद्दाम नवी रचना केली. तोवर कसोटीची रचना म्हणजे बहुधा ऑपेरातील निवडक भागांचे रूपांतरच असे. एकच रचना आठवडेच्या आठवडे घोटली जाई. ऑपेरागृहात सज्जाची जागा घेऊन बसणाऱ्याला मुख्य गाणे तेवढे ऐकू येते. मधला स्वर कोठे वळतो, खर्ज कोठे थांबतो, हे त्या युफोनियमवाल्या कामगाराला ठाऊक होते. रचनेचा खरा जाणकार यांपैकी कोणता?

रूपांतर म्हणजे कारकुनी नक्कल, हा समजही अज्ञानाचा आहे. व्हायोलिनचा गज अखंड फिरू शकतो, माणसाची छाती नाही. म्हणून लांब स्वर दोन-तीन वादकांत असा वाटावा लागतो की श्वासाचा सांधा दिसू नये. बासरी, क्लॅरिनेट, तंतुवाद्ये यांचे सारे रंग एकाच धातूतून काढायचे असतात. फ्रँक राइट यांनी बर्लिओझच्या ओव्हर्चरची ब्रास बँडसाठी केलेली रूपांतरे पाहावीत. वाद्यवृंदाच्या रंगकामासाठी नावाजलेल्या रचनाकाराची कृती वाद्यवृंदाविना उभी करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

आणि ओघ उलटही वाहतो. एल्गारने 1930 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी 'सेव्हर्न स्वीट' बँडला दिली आणि ती अर्पण केली समाजवादी बर्नार्ड शॉ यांना. 1932 साली त्यानेच ती वाद्यवृंदासाठी रूपांतरित केली. आता बाटले कोण?

आज ब्रास बँडला 'वारसा' म्हणून गौरवणाऱ्यांची उणीव नाही. 1992 च्या ऑक्टोबरात ब्रिटिश सरकारने 31 कोळसाखाणी बंद करण्याची घोषणा केली. त्यांत ग्राइमथॉर्पही होती. त्याच महिन्यात ग्राइमथॉर्पच्या खाणबँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. 1993 साली खाण बंद झाली. बँड उरला, आणि त्याच्यावरून प्रेरणा घेतलेला चित्रपट 1996 साली निघाला, तो पाहून श्रीमंतांचेही डोळे पाणावले. त्याच देशात शाळेतील वाद्यशिक्षणाचा खर्च अनेक ठिकाणी पालकांच्या खिशावर पडला आहे. क्रॉशेच्या वादकांच्या हस्तलिखित वह्या कवार्थ्वा किल्ल्यातील संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. त्या पाहायला येणाऱ्या मुलाच्या हाती कॉर्नेट कोण देणार, याची तरतूद कोणत्याही अर्थमंत्र्याने वारशाच्या भाषणात केलेली नाही.