मेक्सिकोची सफर : नाका कोणता निवडावा?

चिपळूणच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात नोकरीला आहे. अम्मी-अब्बा सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले आहेत. नाताळच्या सुटीत आर.व्ही. घेऊन सगळ्यांनी मेक्सिकोच्या समुद्रकिनारी जायचे त्याच्या मनात आहे. पत्रात विचारले आहे, "म्हाताऱ्या माणसांना घेऊन हद्द ओलांडायची, तर कुठून ओलांडावी? आणि परत येताना अडवले तर?"

आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. स्वयंपाकाचा ओटा, पलंग, संडास, सारे आत. वयस्कर माणसांना ही मोठी सोय आहे. पण तीस फुटी गाडी गल्लीबोळात वळवणे सोपे नसते, म्हणून नाका निवडताना रिक्षा-मोटारीचा हिशेब चालत नाही. अमेरिका-मेक्सिको हद्द सुमारे ३,१०० किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर पन्नासच्या आसपास नाके आहेत. नकाशावर जो सर्वात जवळ, तोच सोयीचा असे मुळीच नाही.

नाका निवडण्याआधी आम्ही तीन गोष्टी पाहतो. पलीकडे कुठे जायचे आहे, नाक्यानंतरचा रस्ता गावातून जातो की बाहेरून, आणि परत येताना रांग किती लागते. जाताना बहुधा फार वेळ लागत नाही. खरी परीक्षा परतीची.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना पहिले नाव आठवते ते सॅन इसिड्रोचे. समोर तिहुआना. जगातील सर्वात गजबजलेल्या जमिनीवरच्या नाक्यांपैकी हा एक. परतीच्या रांगेत काही तास सहज जातात, आणि नाका ओलांडताच गाडी थेट मोठ्या शहराच्या रहदारीत शिरते. मोठ्या गाडीला पूर्वेकडचा ओटाय मेसा बरा. तेकाते लहान आणि शांत आहे, पण तो रात्रभर उघडा नसतो, आणि परतीची रांग गावातल्या अरुंद रस्त्यांतून लागते. सॅन फेलिपेच्या किनाऱ्याला जायचे असेल तर कॅलेक्सिकोचा पूर्वेकडील नाका घ्यावा. तिथून मेक्सिकाली शहराचा मधला भाग टाळून दक्षिणेचा रस्ता धरता येतो.

टेक्सासमध्ये विचार वेगळा करावा लागतो. लारेडो, मॅकॲलन, ब्राउन्सव्हिल या गावांसमोर मेक्सिकोचे तामाऊलिपास राज्य आहे, आणि तिथे प्रवास करू नका, असे अमेरिकी सरकारच आपल्या नागरिकांना सांगते. म्हणून जाणकार लारेडोच्या वायव्येला असलेल्या कोलंबिया पुलावरून जातात. तो पूल शेजारच्या नुएव्हो लेओन राज्यात उतरतो. वाकडी वाट करावी लागते, पण ती करण्यासारखी आहे.

आता फिनिक्सबद्दल. इथून दोन नाके विचारात घ्यावेत, नोगालेस आणि ल्यूकव्हिल. नोगालेसहून १५ क्रमांकाचा महामार्ग थेट दक्षिणेला जातो. जड वाहनांसाठी शहराबाहेरून जाणारा मारिपोसा हा वेगळा मार्गही आहे. पण मेक्सिकोत खोलवर जायचे तर गाडीचा तात्पुरता आयात परवाना लागतो, आणि तो हद्दीपासून २१ किलोमीटरवरच्या ठाण्यावर काढतात. गंमत अशी की, आर.व्ही.ला हा परवाना १० वर्षांसाठी मिळतो आणि अनामत रक्कम भरावी लागत नाही. साध्या मोटारीला मात्र तो १८० दिवसांचाच, आणि २००७ नंतरच्या गाडीला ४०० डॉलर अनामत. परतताना परवाना रद्द करून घेतला नाही तर ती रक्कम बुडते.

ल्यूकव्हिलहून वाट सोपी आहे. पलीकडे सोनोइता हे लहान गाव, आणि तिथून सुमारे १०० किलोमीटरवर पुएर्तो पेन्यास्कोचा समुद्र. हा पट्टा सवलतीच्या क्षेत्रात येत असल्याने गाडीचा परवाना लागतच नाही. घाट नाही, मोठे शहर नाही. फिनिक्सहून चार-साडेचार तासांत माणूस किनाऱ्यावर पोहोचतो. ॲरिझोना आणि सोनोरा या दोन्ही राज्यांत वर्षभर घड्याळही एकच चालते. वयस्कर माणसांसह पहिल्या सफरीला आम्ही हाच नाका सुचवू.

त्याला दोन अटी आहेत. हा नाका सकाळी ६ ते रात्री ८ एवढाच उघडा असतो. दुसरी अट अधिक महत्त्वाची. डिसेंबर २०२३ मध्ये तो अचानक बंद झाला आणि ४ जानेवारी २०२४ लाच उघडला. ऐन सुटीत लोकांना लांबचा वळसा पडला. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी नाका उघडा असल्याची खात्री करावी, आणि दुसरी वाट कागदावर लिहून ठेवावी. रविवारी दुपारी परत येऊ नये, सोमवारी सकाळी यावे.

आता अम्मी-अब्बांच्या कागदांविषयी, कारण पत्रातली खरी काळजी तीच आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल, तर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. पण व्हिसावर प्रवेशाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आधी पाहावे. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय हद्द ओलांडू नये. अमेरिकेत राहण्याची मुदत दाखवणारी आय-९४ ची छापील प्रत जवळ ठेवावी. मेक्सिकोत शिरताना बऱ्याचदा कोणी थांबवतच नाही, म्हणून लोक तसेच पुढे निघून जातात. तसे करू नये. स्वतःहून इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन नोंद करून घ्यावी. आणि अमेरिकेत घेतलेला आजारपणाचा विमा मेक्सिकोत चालतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

गाडीचा विमा वेगळाच. अमेरिकेचा विमा मेक्सिकोत तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी मानला जात नाही. अपघात झाला तर जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात. मेक्सिकोची पॉलिसी आधीच काढावी आणि छापील प्रत गाडीत ठेवावी. गाडी भाड्याची असेल तर मालकाचे लेखी संमतीपत्र हवे. अनेक आर.व्ही. कंपन्या मेक्सिकोची परवानगी देतच नाहीत. ते बुकिंगपूर्वीच विचारावे.

निघण्यापूर्वी गाडीचा प्रत्येक खण रिकामा करून पाहावा. आधीच्या भाडेकऱ्याचे एखादे काडतूस राहिले असेल, तर मेक्सिकोत तो गंभीर गुन्हा ठरतो. आपल्या घरांतून आणखी एक वस्तू काढायला हवी, ती म्हणजे मसाल्याच्या डब्यातली खसखस. मेक्सिकोत तिची आयात बंद आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, तेही चालत नाही. अब्बांची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. परतताना कच्ची कोंबडी, अंडी, फळे फ्रीजमध्ये ठेवू नयेत, आणि जे आहे ते अधिकाऱ्याला विचारण्याआधीच सांगावे.

खाण्याबाबत एक शब्द पाठ करावा, 'मांतेका'. म्हणजे डुकराची चरबी. मैद्याच्या पोळीत, घोटलेल्या राजम्यात ती सर्रास असते. मक्याच्या पोळीत सहसा नसते. "सिन मांतेका", म्हणजे चरबीविना, असे विचारले की लोक सरळ सांगतात. किनाऱ्यावर ताजी मासळी आणि कोळंबी मिळते, आणि गाडीत आपलाच ओटा असतो. कोकणच्या माणसाला आणखी काय हवे!

शेवटी, अंधारात गाडी चालवू नये. रस्त्यावर गुरे बसलेली असतात आणि गतिरोधक दिसत नाहीत. वाटेत गाडी बंद पडली तर ०७८ वर फोन करावा, 'हिरवे देवदूत' म्हणून ओळखली जाणारी सरकारी मदतगाडी येते.

या भगिनीने मुलाला एवढेच कळवावे. ल्यूकव्हिलचा नाका घे, सकाळी ओलांड, आणि दोघांच्या पासपोर्टवरचा व्हिसा आजच उघडून पाहा. कागदात काही शंका निघाली, तर ॲरिझोनातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असेल.