तटाच्या आतल्या खिडक्या

फेब्रुवारीतली संध्याकाळ, साडेसात वाजलेले, आणि मी सँ-मालोच्या तटावर उभी राहून खिडक्या मोजत होते. वारा असा की नाकाचा शेंडा आपला आहे की नाही याची खात्री करून घ्यावी लागत होती. एका गल्लीच्या डाव्या बाजूच्या खिडक्या भरल्या ४२. उजेड होता सात खिडक्यांत. खाली उतरल्यावर कळलं, त्यातली एक माझीच. निघताना स्वयंपाकघरातला दिवा मालवायला विसरले होते.

म्हणजे सहा.

पुण्यात मी एकतीस वर्षं फ्रेंच शिकवलं. लेक फ्रान्समध्ये रेनला असते. तिथून सँ-मालो आगगाडीनं जेमतेम तासाभरावर. लोक ब्रिटनीच्या या गावी उन्हाळ्यात जातात, मी मात्र हट्टानं उधाणाच्या दिवसांत जाते. माहेर हर्णैचं असल्यामुळे भरती-ओहोटीचं गणित लहानपणापासून अंगात आहे. पण तिथलं पाणी बघून आमचा समुद्र म्हणजे घंगाळ वाटतं. मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक तेरा मीटर, म्हणजे चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडून उघडी पडावी तसा. भरतीच्या जोराला तिथे २० ते १२० असा गुणांक देतात. बेकरीतल्या बाईंनी गल्ल्यामागे भरतीचं वेळापत्रक टांगलंय, आणि ‘आज किती?’ असं कुणी विचारलं की तो भावाचा प्रश्न नसतो. आमच्याकडे उधाण आणि भांग असे दोन शब्द पुरायचे. यांनी आकडा लावला. गुणांक शंभराच्या वर गेला की सियोंच्या किनाऱ्यावर लाटा धक्क्याला धडकून दुमजली घराएवढ्या उडतात. त्यांचा जोर मोडायला वाळूत सुमारे ३००० ओकचे खांब रोवलेत, काळेभोर, शेवाळलेले.

खरं गाव दिसतं ते भरदुपारी, ओहोटीला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात छोटं दाताळं, बादली, आणि गळ्यात दोरीनं बांधलेली मापपट्टी. तिसऱ्यांची भावंडं म्हणता येतील अशा शिंपल्या लोक उकरतात. चार सेंटिमीटरपेक्षा लहान निघाली की परत वाळूत. एक आजोबा आपल्या नातीला पट्टी लावायला शिकवत होते, ती एक बारकी शिंपली मुठीत लपवू बघत होती. लेखक शातोब्रियाँ ज्या ग्राँ बे बेटावर १८४८पासून झोपलाय, तिथेही ओहोटीलाच चालत जाता येतं. कबरीवर नाव नाही. वेळ चुकली तर पुढचे पाच-सहा तास साहित्यिकाच्या सहवासात.

हे सगळं मी निसर्गवर्णन म्हणून सांगत नाहीये. मापपट्टी वापरायची कशी, वाळूचा कुठला पट्टा आधी बुडतो, हे शिकवणारे आजोबा कुठे राहतात, हा माझा मुद्दा आहे. तटाच्या आत ते राहत नाहीत. नातीच्या आईवडिलांना तिथलं भाडं कधीच झेपलं नाही.

१९४४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी मारा आणि आगीत तटाच्या आतल्या गावाचा सुमारे ऐंशी टक्के भाग गेला. मग तेच ग्रॅनाइट, तीच उतरती छपरं, असं करत गाव पुन्हा उभं केलं. कॅथीड्रलचा मनोरा पुरा व्हायला १९७०चं दशक उजाडलं. इतका खटाटोप करून बांधलेल्या घरांच्या दारांशेजारी आता आकड्यांच्या कुलपाच्या डब्या लटकतात. आत किल्ली. मालक पॅरिसला, पाहुणा दोन रात्रींचा. २०१७मध्ये रेनपर्यंत वेगवान रेल्वे आली, पॅरिस सव्वादोन-अडीच तासांवर आलं. मग करोनाच्या साथीत समुद्राकाठून काम करण्याची हौस वाढली. घरांच्या किमतींचं काय झालं ते सांगायला नको.

२०२१मध्ये नगरपालिकेनं पाहुण्यांना भाड्यानं देण्याच्या घरांवर कोटा बसवला. तटाच्या आत एकूण घरांच्या साडेबारा टक्के, इतर भागांत त्याहून कमी. परवाना तीन वर्षांचा, मालकाच्या नावावरचा, विकता न येणारा. घरमालक चिडले, आणि त्यांच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे: गावची बेकरी, क्रेपची दुकानं, नौकांचे फेरे पाहुण्यांवरच चालतात. तरी कोटा योग्यच आहे असं माझं मत आहे. आठ घरांमागे एक घर पाहुण्यांसाठी, हे काही कंजूष आदरातिथ्य नव्हे.

पण खिडक्या मोजल्यापासून मला वाटतंय की पालिकेनं पकडायला सोपा तो पकडला. पाहुण्याच्या घरात निदान अधूनमधून दिवा लागतो (विसरून का होईना). वर्षातून तीन आठवडे येणाऱ्या मालकाचं घर कुठल्याच कोट्यात बसत नाही, कारण तो ते भाड्यानं देतच नाही. राहत्या घरावरचा निवासकर फ्रान्सनं २०२३पासून सगळ्यांना माफ केला, दुसऱ्या घरावर तो कायम ठेवला. टंचाई असलेल्या गावांना त्यावर साठ टक्क्यांपर्यंत अधिभार लावायची मुभा आहे. ज्याला समुद्राकडे तोंड केलेला मजला परवडतो, त्याला हा अधिभारही परवडतो. ब्रिटनीत काहीजण ‘रहिवासी दर्जा’ मागतात: काही काळ इथे राहिला असाल तरच घर घ्या. माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्या माणसाला ही मागणी टोचते. तरी मी तिच्या बाजूची आहे, निदान तटाच्या आतल्या त्या चिमुकल्या गावापुरती.

इथे मला कुणी हर्णैच्या घराबद्दल विचारेल. तेही बंद असतं, गणपतीचे सात दिवस सोडून. चुलतभावानं शेजारच्या शिक्षिकेला भाड्यानं द्यायचं सुचवलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी ‘बघू’ म्हटलं. मीही म्हटलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाव आणायला गेले. गुणांक १०८ होता. दुकान आवरता आवरता बाई म्हणाल्या, ‘मादाम, आज सियोंवर लाटा छान दिसतील, जरूर जा.’ तुम्ही येणार का, म्हटलं. त्या हसल्या. राहतात दिनाँच्या बाजूला, पाऊण तास गाडी चालवायची, पहाटे चारला पुन्हा भट्टी पेटवायची. लाटा बघायला थांबल्या तर झोपायच्या कधी? त्यांनी शटर ओढलं. मी पाव काखेत धरून गल्लीच्या टोकापर्यंत गेले, डबीच्या कुलपाचे चार आकडे फिरवले आणि किल्ली काढली.