पुस्तकांशी गप्पा : भुताच्या गोष्टीत प्रवचन

दोस्तांनो, या खेपेला टपालात पनवेलहून एक पत्र आलंय. पत्र नववीतल्या एका मुलीचं आहे. अक्षर टपोरं, पण मजकूर सगळा रागाचा. तिची परवानगी घेऊन (आणि नाव गाळून) ते पत्र आज तुमच्यापुढे ठेवतो, कारण तिने विचारलेला प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांना कधी ना कधी पडलेला असणार.

झालं असं. हिच्या बाकावर बसणारी मैत्रीण ख्रिस्ती आहे. दोघी पक्क्या वाचणाऱ्या, आणि दोघींना भुतंखेतं प्रिय. हिने तिला नारायण धारपांच्या समर्थकथा वाचायला दिल्या. तिने हिला मावशीच्या कपाटातली एक इंग्रजी कादंबरी दिली. फ्रँक पेरेटी नावाच्या अमेरिकन लेखकाची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’, १९८६ सालची. एक छोटं गाव, त्या गावावर टपलेली गंधकाचा वास मारणारी पंखवाली भुतं, त्यांच्याशी लढणारे तलवारधारी देवदूत, आणि या सगळ्याचा सुगावा लागलेले दोघं जण : एक तरुण पाद्री आणि एक वर्तमानपत्राचा संपादक. पुस्तक परत करताना वडाळे तळ्याच्या काठी आमची वाचक बोलून गेली, “भुतं मस्त आहेत गं, पण पानोपानी प्रवचन! चर्चमध्ये बसवल्यासारखं वाटलं मला.”

मैत्रीण गप्प झाली. मग म्हणाली, “आणि तुझे ते समर्थ? ते आले की काय होतं? ते प्रवचन नाही वाटतं?”

त्यानंतर चार दिवस दोघी एकाच बाकावर बसतात आणि खोडरबरसुद्धा मागत नाहीत एकमेकींकडे. पत्रात शेवटी विचारलंय : “धर्म आला की भयकथा कंटाळवाणी होणारच ना? मग मी खरं बोलले तर चुकलं कुठे?”

बघा हं, सोपा वाटतो पण अवघड प्रश्न आहे हा.

आधी एक गंमत सांगतो. मराठीतली पहिली कादंबरी कोणती, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही पाठ केलेलं असेल : ‘यमुनापर्यटन’, १८५७. पण ती वाचलीय किती जणांनी? लिहिणारे बाबा पदमनजी. बेळगावात जन्मलेले, १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तीनच वर्षांनी ही कादंबरी आली. म्हणजे आपल्या कादंबरीची सुरुवातच एका ख्रिस्ती लेखकाच्या उपदेशपर पुस्तकाने झाली! यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि वाटेत त्यांना एकेक विधवा भेटत जाते. कुणाचे केस उतरवलेले, कुणाला घरात कोंडलेलं, कुणाच्या वाट्याला नुसतं राबणं. मधूनमधून उपदेशाची पानंच्या पानं येतात, आणि खरं सांगतो, ती आज उलटावीशी वाटतात. पण मग विनायक मरतो. आतापर्यंत दुसऱ्यांची दुःखं ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. तिथे पोटात गोळा येतो. ही काही भुताची गोष्ट नव्हे, पण जे इतरांचं आपण बघितलं तेच आता आपल्या दाराशी आलंय, ही भीती कुठल्याही भयकथेच्या तोडीची आहे. शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. लेखकाला तेच सांगायचं होतं. वाचकाच्या मनात मात्र तो शेवट राहत नाही, त्या विधवा राहतात.

त्याच्याही आधी, १८४१ साली, हरी केशवजींनी ‘यात्रिक क्रमण’ मराठीत आणलं होतं. मूळ पुस्तक जॉन बनियनचं, १६७८ सालचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’. हा बनियन कोण? परवानगी नसताना धर्मोपदेश केला म्हणून बारा वर्षं तुरुंगात बसलेला माणूस! म्हणजे प्रवचन करण्यात अगदी पटाईत. आणि तरी त्याच्या पुस्तकात माशासारखे खवले, अजगरी पंख, अस्वलाचे पाय आणि पोटातून आग-धूर सोडणारा एक राक्षस आहे. अर्धा दिवस त्याच्याशी झुंज चालते. पुढे एका किल्ल्यात एक राक्षस यात्रेकरूंना कोंडून रोज बडवतो, आणि मग त्यांच्यातल्या एकाला आठवतं की किल्ली तर इतका वेळ आपल्याच छातीशी होती. इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी हे पुस्तक वाचलं. ‘लिटल विमेन’मधल्या चार बहिणी तर त्याचा खेळच करतात घरात. त्या मुलांना उपदेश कळत नव्हता असं नाही. पण राक्षस खराखुरा वाटला, म्हणून उपदेशाचं ओझं वाटलं नाही.

मग पेरेटीच्या पुस्तकात आमच्या वाचकाला ओझं का वाटलं? राक्षस तर तिथेही आहेत, चांगले ढीगभर!

माझा आपला एक अंदाज आहे. तो पटवून द्यायला मी ‘ड्रॅक्युला’ची मदत घेतो. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ सालची. (मराठीत तिची रूपांतरं झालीत, पण जमेल त्याने मूळ वाचा. अर्ध्याअधिक डायऱ्या आणि पत्रंच आहेत, त्यामुळे जड जात नाही.) क्रूस, पवित्र भाकर, प्रार्थना यांचा सुळसुळाट आहे त्यात. पण तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंय का, ‘ड्रॅक्युला फार प्रवचनी आहे बुवा’?

सुरुवातीलाच काय होतं पाहा. तरुण वकील जोनाथन हार्कर सरदाराच्या गढीकडे निघालेला असतो. खानावळवाली म्हातारी रडत रडत आपल्या गळ्यातला क्रूस काढून त्याच्या गळ्यात घालते. आणि हा मनातून अवघडतो! तो इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट वळणात वाढलेला, असल्या वस्तू म्हणजे मूर्तिपूजेचा प्रकार, असं त्याला शिकवलेलं. पण म्हातारीचं मन कसं मोडायचं, म्हणून तो क्रूस राहू देतो. पुढे गढीत दाढी करताना हनुवटी कापते, रक्त दिसताच ड्रॅक्युला त्याच्या गळ्याकडे झेपावतो, हात त्या माळेला लागतो आणि झटक्यात मागे जातो. म्हणजे ज्या वस्तूवर जोनाथनचा विश्वास नव्हता तीच त्याला वाचवते, आणि आता या गोष्टीचं करायचं काय हे त्याला कळत नाही. लेखकाने इथे एक ओळही उपदेश केलेला नाही.

आणखी पुढे. बिचाऱ्या ल्यूसीच्या खोलीत डॉक्टर व्हॅन हेल्सिंग लसणीच्या फुलांच्या माळा लावतात, सगळा बंदोबस्त चोख. रात्री तिची आई येते. फुलांचा उग्र वास पोरीला बाधेल म्हणून फुलं काढते आणि खिडकी उघडते. आई! मायेपोटी! आणि मीनाच्या रक्षणासाठी डॉक्टर पवित्र भाकर तिच्या कपाळाला टेकवतात, तर ती चरचरून भाजते आणि लाल डाग उमटतो. भाकर देवाची, बाई निरपराध, तरी डाग. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून दिवा लावून आलो होतो. देवाची बाजू जिंकणार हे ठाऊक असूनही भीती वाटते, कारण जिंकेपर्यंत कुणाकुणाचं काय होईल ते ठाऊक नसतं.

स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’मध्ये (१९७५) तर याच्याही पुढची खेळी आहे. (ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा, मागून रडू नका.) फादर कॅलाहन क्रूस उगारतो, क्रूस लखलखतो. समोरचा रक्तपिपासू त्याला म्हणतो, तो टाकून दे आणि नुसत्या श्रद्धेवर माझ्यासमोर उभा राहा, मी या पोराला सोडतो. तो पोराला सोडतोही. आणि फादर कचरतो. हातातला क्रूस काही टाकवत नाही त्याच्याने. तेवढ्यात क्रूसावरचा उजेड मावळतो, आणि शत्रू तो आरामात काढून घेऊन मोडतो. इथे धर्म आहे, पाद्री आहे, श्रद्धा आहे, पण सगळं पणाला लागलेलं आहे. याच कादंबरीवरून धारपांनी मराठीत ‘लुचाई’ लिहिली. दोन्ही मिळवून वाचलीत, तर मूळच्या क्रूसाच्या जागी धारप काय आणतात ते शोधा. मोठ्या माणसांची पुस्तकं आहेत पण, घरी विचारून घ्या.

आता पेरेटी. त्याच्या गावात कोण चांगलं नि कोण वाईट, हे पुस्तक सुरू होतानाच ठरलेलं असतं. लोकांनी प्रार्थना केली की देवदूतांच्या बाहूंत बळ येतं, कमी केली की भुतं चढतात. हिशोब चोख, पण चोख हिशोबाची भीती कशी वाटणार? आणि दुसरी गोष्ट, जी आमच्या वाचकाने पत्रात लिहिलीय आणि मला वाटतं खरी कळ तिथे आहे. या पुस्तकात संपादकाची मुलगी बिघडते ती कशाने? तर कॉलेजातल्या एका बाई तिला डोळे मिटून ध्यान करायला शिकवतात म्हणून! त्या वाटेने भुतं आत शिरतात. पत्रात लिहिलंय : “माझी आजी रोज पहाटे तेच करते. मग आमच्या घरात काय भुतं आहेत?”

इथे मी पूर्ण हिच्या बाजूने आहे. भयकथा वाचताना आपण भ्यावं, पण लेखकाने आपल्या आजीलाच पलीकडच्या फळीत उभं केलं, तर वाचणारा पुस्तकाबाहेर फेकला जातो.

पण थांब, बाई. आता तुझ्या मैत्रिणीच्या बाजूने जरा कोकणातली भुतं मोजू या. तुमच्या रायगडातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचार. मुंजा म्हणजे मुंज झालेल्या पण सोडमुंजीआधी मेलेल्या मुलाचं भूत. समंध ब्राह्मणाचं. हडळ बाळंतपणात मेलेल्या बाईचं. जिने सर्वांत जास्त सोसलं, तिचीच आपण भीती घालतो! आणि खवीस? सिद्दी किंवा मुसलमान माणसाचं भूत म्हणजे खवीस, असं जुने लोक सांगत आले. शेकोटीभोवती खवीसाची गोष्ट रंगलीय आणि शेजारी तुमच्या वर्गातला एखादा मुसलमान मुलगा बसलाय, असं डोळ्यांसमोर आण. तुझ्या आजीचं जे पेरेटीने केलं, तेच आपण त्याच्या आजोबांचं करतो की नाही? आणि तुमचं पनवेल म्हणजे देवळं, मशिदी आहेत, शिवाय बेने इस्रायली लोकांचं बेथ एल सिनेगॉगही आहे. अशा गावात भुतांच्या गोष्टी ऐकणारे कान काही एकाच घरचे नसतात.

समर्थांचंही तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. मी धारपांचा जुना भक्त. शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली त्यांनी, आणि लाइट गेल्यावर त्यांचं पुस्तक मेणबत्तीजवळ नेऊन वाचलेले आम्ही लोक. पण समर्थ आले की ‘हुश्श, आता काळजी नाही’ असं वाटायचं, हे मला कबूल केलं पाहिजे. आध्यात्मिक बळ, साधना, सत्शक्ती आणि दुष्टशक्ती हे सगळं तिथे आहेच. मला ते कधी प्रवचन वाटलं नाही. का? कारण ते आमच्या घरात रोज ऐकू येणाऱ्या भाषेत होतं. पंखा सतत चालू असला की त्याचा आवाज ऐकू येत नाही ना, तसं. तुझ्या मैत्रिणीला तो पंखा ऐकू आला. तुला तिच्या घरचा ऐकू आला.

(ज्यांना दोन्ही पंखे बंद हवेत त्यांनी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचाव्यात. ‘खेकडा’पासून सुरुवात करा. देव सोडवायला येईल याची तिथे फारशी आशा नाही, म्हणून रात्री वाचू नका एवढंच.)

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर : धर्म आला म्हणून कंटाळा येतो असं मुळीच नाही. डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) घे. तिजोऱ्या, कुलुपं नि खातेवह्या गुंफलेली साखळी ओढत मार्लेचं भूत येतं, ते तर निव्वळ उपदेश करायलाच येतं, आणि काय ऐट आहे त्याची! पेरेटीच्या पुस्तकाबद्दल तुला जे वाटलं ते खरंच वाटलं, ते मागे घेऊ नकोस. ‘चर्चमध्ये बसवल्यासारखं’ हे मात्र पुस्तकाबद्दलचं वाक्य नव्हतं. दर रविवारी ती आपल्या आईबरोबर जिथे जाऊन बसते, त्या जागेबद्दलचं होतं. आजीचं उदाहरण तू मला लिहिलंस, तिला सांगितलंच नाहीस. ते सांगितलं असतंस तर कदाचित तिने समर्थांना मध्ये ओढलं नसतं.

आणि हो, पत्राच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, तू आणखी एक ओळ लिहिलीयस. शेवटची शंभर पानं तू भूगोलाच्या चाचणीच्या आदल्या रात्री, चादरीत बॅटरी लावून, एका बैठकीत संपवलीस म्हणून. हे तिला सांगितलंस का?