नर्सबाईंची वही: दत्तक घेताना पडणारे प्रश्न



गेल्या महिन्यात रेडमंडला आमच्या घरी आपल्यातलंच एक जोडपं आलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही, आता दत्तक घ्यायचं ठरवलंय. आमची सारी नोकरी बाळंतिणींच्या आणि तान्ह्या मुलांच्या वॉर्डात गेली, म्हणून "मावशीला विचारू या" असं त्यांच्या मनात आलं. मुलाची आईही सोबत होती. जोडप्याने प्रश्न कागदावर लिहून आणले होते. आईचा प्रश्न मात्र कागदावर नव्हता. तो तिने स्वयंपाकघरात, चहा गाळता गाळता, आम्हाला हळूच विचारला. तो शेवटी सांगतो.

प्रश्न: आपण ज्यू. आपल्याला भारतातून मूल दत्तक घेता येतं का?

उत्तर: आज येतं. आमच्या पिढीला येत नव्हतं. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी होता. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि ज्यू त्यातून वगळलेले. आपल्यापैकी कोणी मूल घरी आणलं, तर १८९० च्या कायद्याखाली कोर्टाकडून फक्त 'पालक' म्हणून नेमणूक करून घेता यायची. मूल वयात आलं की कागदावरचं ते नातं संपलं. वारसाहक्कही आपोआप मिळत नसे. पुढे २००० चा बाल न्याय कायदा आला, २००६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि आपल्यालाही वाट मोकळी झाली. या कायद्याखाली दत्तक घ्यायला धर्माची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं. आता २०१५ चा कायदा लागू आहे.

प्रश्न: आमचं वय जास्त झालं का? नवरा ४२, बायको ३९.

उत्तर: भारताच्या २०२२ च्या नियमांत नवराबायकोच्या वयाची बेरीज पाहतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी बेरीज ८५ च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० च्या आत, आणि मूल मोठं असेल तर मर्यादाही वाढते. तुमची बेरीज ८१, म्हणजे चालेल. पण रांग लांब असते, तेव्हा अर्ज लांबणीवर टाकू नका. लग्न टिकून किमान दोन वर्षं झालेली हवीत, आणि मूल व आईबाप यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं.

प्रश्न: ओळखीच्या आश्रमात जाऊन मूल पसंत केलं तर?

उत्तर: मुळीच नाही. परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे. आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार भारतात २००३ पासून आणि अमेरिकेत २००८ पासून लागू आहे. आधी इथली मान्यताप्राप्त संस्था तुमच्या घरी येऊन पाहणी करते, बोटांचे ठसे घेतले जातात, मग इमिग्रेशनची मंजुरी. त्यानंतर अर्ज दिल्लीच्या 'कारा' या सरकारी संस्थेकडे जातो. दत्तकाचा हुकूम पूर्वी कोर्ट देई, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. मूल घरी आल्यावरही दोन वर्षं त्याच्या प्रगतीचे अहवाल पाठवावे लागतात.

प्रश्न: जन्मदात्री परत मागायला आली तर?

उत्तर: भारतात मूल सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने देतात. ती मुदत संपल्याशिवाय मूल दत्तकासाठी मोकळं होत नाही. तिच्याबद्दल वाईट बोलू नका. अशा मुली आम्ही वॉर्डात पाहिल्यात. निर्दय म्हणावी अशी एकही पाहिली नाही.

प्रश्न: मूल आजारी निघालं तर?

उत्तर: मुलाचा तपासणी-अहवाल आधी मिळतो. तो इथल्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. मूल आलं की क्षय आणि कावीळ यांच्या चाचण्या, रक्त, कान, डोळे, सगळं पुन्हा तपासून घ्या. लसी किती झाल्या तेही पाहा. वजन कमी असलं म्हणून घाबरू नका. पोटभर अन्न आणि रोज तेच हात मिळाले की बरीच मुलं भरभर भरतात.

प्रश्न: आणि धर्माचं काय?

उत्तर: जन्मदात्री ज्यू नसेल तर रब्बींना विचारून गियूर करतात: मिक्वेचं स्नान, आणि मुलगा असला तर सुन्नत. पण मुलगी बाराची, मुलगा तेराचा झाला की त्याला स्वतःला हो किंवा नाही म्हणायचा हक्क आहे. म्हणजे मुलाला आपली हकिगत ठाऊक असणार, हे आपल्या शास्त्राने धरलेलंच आहे.

आता तो स्वयंपाकघरातला प्रश्न. ती म्हणाली, "बाई, लोकांना काही सांगायचं नाही ना? आणि पोराला तरी कशाला सांगायचं? उगाच मन दुखेल."

आम्ही चहा खाली ठेवला आणि तिला आमच्या आतेबहिणीची गोष्ट सांगितली. आत्याने तिला तान्ही असताना घरी आणलं होतं. सगळ्या नातलगांना ठाऊक होतं, तिला सोडून. आम्हा पोरांनाही मोठ्यांनी बजावलेलं, तोंड उघडाल तर खबरदार! १९६८ साली इस्रायलला जायची तयारी चालली होती. ट्रंकेतले कागद काढले, त्यात कोर्टाचा हुकूम निघाला. त्यावर बापाच्या नावापुढे 'पालक' असं लिहिलेलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. आपल्याला आणलं याचं तिला एवढं वाटलं नाही. तिने आमच्याकडे बघून विचारलं, "तुम्हालासुद्धा माहीत होतं?" आम्ही मान खाली घातली. पुढे सहा वर्षं तिने आम्हाला पत्र लिहिलं नाही.

तेव्हा आज्जीबाई, सांगायचं. पहिल्या दिवसापासून, मांडीवर घेऊन, त्याला शब्द कळायच्या आधीपासून. मग ते गुपित राहत नाही, रोजची गोष्ट होते. इथे वॉशिंग्टन राज्यात २०१४ पासून कायदा असा आहे, की इथे जन्मलेलं दत्तक मूल अठरा वर्षांचं झालं की आपला मूळ जन्मदाखला मागू शकतं. कागद कधी ना कधी बोलतोच. त्याआधी आईबापांनी बोलावं.

मुलांनो, एक काम तुमच्यासाठी. वर्गात कोणी दत्तक असेल तर "तुझे खरे आईबाबा कोण?" असं विचारू नका. शाळेचा डबा भरतात, तापात रात्रभर जागतात, ते खरेच असतात. पुरीमला आपण एस्तेर राणीची गोष्ट ऐकतो ना? तिलाही मर्दखयनेच वाढवलं होतं.

आणि मोठ्यांनो, "केवढे उपकार केलेत त्या पोरावर" हे वाक्य आपण सोडून देऊ या. बाळ घरी आलं की एलियाहू हन्नाबीचा मलिदा करा, आणि सगळ्यांना बोलवा. गपचूप नको.

त्या आज्जीबाई निघताना एवढंच म्हणाल्या, "मलिद्याला पोहे किती लागतील?"

पुढच्या अंकात: म्हातारपणी पडू नये म्हणून घरात काय काय बदलावं.