डिपस्टिक, बाबा आणि साडेतीन हजार किलोमीटर

मंडळी, नवी गाडी दारात आली की तीन एक्स्पर्ट आपोआप जन्माला येतात. माझ्या वाट्याला आले ते असे : पहिले बाबा, दुसरा शेजारच्या क्यूबिकलमधला कलीग आणि तिसरा सर्व्हिस सेंटरचा टाय लावलेला अ‍ॅडव्हायझर. तिघांचाही जिव्हाळ्याचा विषय एकच, इंजिन ऑइल!

बाबांनी मारुती ८०० पंधरा वर्षं चालवली. सहा महिने झाले तेव्हाच ते म्हणाले, ''अगं, ऑइल बदलून घे.'' मी मात्र फुल्ल कॉन्फिडन्समध्ये. ''बाबा, तुमचा जमाना गेला. आता दहा हजार किलोमीटरला बदलतात. माझे दोन हजारही झाले नाहीत!'' जरा तोडूनच बोलले. बाबा गप्प बसले. डाउन पेमेंटमधले निम्मे पैसे त्यांचे होते, हे त्या क्षणी माझ्या सोयीस्करपणे लक्षात नव्हतं.

मग आला जानेवारी. मीटरवर साडेतीन हजार. घर ते ऑफिस तीन किलोमीटर, तेही कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये. एका रविवारी बाबांनी बॉनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण फिरवलं आणि मला हाक मारली. झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर! माझ्या पोटात गोळा. अजून चार वर्षांचे ईएमआय बाकी आहेत हो!

कूलंट कमी झालंय का, ते आधी पाहिलं, कारण ते ऑइलमध्ये शिरलं तरी असाच थर दिसतो. लेव्हल जागच्या जागी होती. मग एवढे दिवस ग्लव्ह बॉक्समध्ये पडलेलं मॅन्युअल पहिल्यांदा बाहेर काढलं. दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी येईल ते. इथपर्यंत मी बरोबर. पण खाली छोट्या अक्षरांत : वारंवार कमी अंतर, धूळ किंवा थांबत-थांबत चालवणं असेल तर पाच हजार किंवा सहा महिने. म्हणजे माझी रोजचीच कहाणी!

कारण साधं आहे. इंजिन थंड असताना पेट्रोल जळून तयार झालेली वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. लांब पल्ल्याला ऑइल नीट तापतं आणि हे सगळं उडून जातं. तीन किलोमीटरमध्ये ते तापतच नाही. पाणी साठतं, ऑइल पातळ होतं. गाडी कमी चालली म्हणून ऑइल तरुण राहत नाही, हा फंडा बाबांना मॅन्युअल न वाचताच ठाऊक होता.

पण बाबांचाही एक मुद्दा आउट झाला. ''२०डब्ल्यू-५० टाक, जाड ऑइल चांगलं.'' माझ्या गाडीला लागतं ५डब्ल्यू-३०. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत सहज वाहतं. नंतरचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं, ते सांगतो. सकाळी स्टार्ट करताना ऑइल सगळीकडे पटकन पोचायला हवं. जाड ऑइलला वेळ लागतो आणि मायलेजही घटतं. कलीगचं ''महागातलं महाग टाक'' हेही बाद. आधी मॅन्युअलमधली ग्रेड आणि एपीआयचं स्टँडर्ड जुळवा, मग ब्रँड कुठलाही चालेल. बीएस-६ डिझेल गाडीवाल्यांनो, तुमच्या डीपीएफला कमी राखेचं ऑइल लागतं, तेवढं विसरू नका.

सर्व्हिस सेंटरमध्ये अ‍ॅडव्हायझरने 'इंजिन फ्लश' आणि 'अ‍ॅडिटिव्ह' अशा दोन ओळी एस्टिमेटमध्ये हळूच घातल्या होत्या. मी विचारलं, ''हे मॅन्युअलमध्ये कुठल्या पानावर आहे?'' ओळी गायब! ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदललं आणि बिल जपून ठेवलं. उद्या वॉरंटीचा प्रश्न आला तर तेच कामी येईल.

आता महिन्यातून एकदा आम्ही दोघं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारतो. तेवढीच ऑइलला ऊब! परतल्यावर गाडी सपाट जागी लावायची, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालायची, बाहेर काढून लेव्हल बघायची. दोन खुणांच्या मध्ये असली की झालं. ऑइल काळं दिसलं तर घाबरू नका, काजळी पोटात घेणं हे त्याचं कामच आहे.

डिपस्टिक पुसायला जुन्या बनियनचं फडकं बाबांनीच आणून ठेवलंय. त्या दिवशीचं बोलणं त्यांनी कधी काढलं नाही. मीच काढलं आणि सॉरी म्हणाले. तर म्हणतात कसे, ''लेव्हल बघ आधी!''