गिअरच्या दांड्याचा पल्ला
मसल कारला आखूड पल्ल्याचा शिफ्टर बसवताना बदलते ते तरफेचे गणित: टेकूखालचा भाग लांबला की वरची मूठ कमी सरकते, पण जोर जास्त लागतो. रबरी बुशांच्या जागी धातूचे आले की दांड्याची लडबड थांबते, गिअरबॉक्सची थरथर मात्र थेट हातात येते. खरी किंमत दांड्याला शेवटी अडवणाऱ्या स्टॉप बोल्टची. ते नीट लावले तर चालकाचा दणका आतल्या फोर्कवर बसत नाही. १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओत हर्स्ट कंपनीचा शिफ्टर कारखान्यातूनच येई. रायपूरच्या भनपुरीत, औद्योगिक वसाहतीतल्या ट्रकांना, उलट लांब दांडाच सोयीचा, कारण त्याने हात कमी दमतो. गिअरचा वेग जुळवणारा सिंक्रो झिजला असेल तर तो मात्र कोणत्याच दांड्याने सुधारत नाही. गिअर खरखरत पडत असेल तर आधी गिअरबॉक्स उघडावा.